गिओर्गीच्या बुरुजाची किल्ली

९ नोव्हेंबर २०११

राजधानीतून पत्र! बुरुजातली आमची संत गिओर्गीची तसबीर दुरुस्तीला न्यायची म्हणे. परत कधी आणणार? ते लिहिलेलंच नाही. मी त्याच पत्राच्या पाठीवर उत्तर लिहिलं — मिळणार नाही. खाली सही, नानुली, किल्लीवाली.

१२ नोव्हेंबर

चौकात पुरुषांची बैठक. बाईने बोलायचं नसतं. मी बोलले. आठशे वर्षांत या किल्ल्यावर बर्फाचे कडे कोसळले, झारच्या तोफा आल्या, चारांतले तीन बुरूज गेले. उरलेल्या एकात सामुदायिक शेतीवाल्यांनी बटाटे भरले, तेव्हा आजोबांनी तसबीर बटाट्यांखाली लपवली. मग सरकारनेच म्युझियमची पाटी ठोकली आणि बाबांना राखणीला नेमलं. एवढ्यातून गिओर्गी हलला नाही, आता एका कागदाने हलणार?

मुर्झाकानकाका गावात सगळ्यांत मोठा. म्हणाला, "किल्ली बाईकडे गेली तिथेच चुकलं."

मी म्हटलं, "बाबा गेले त्या हिवाळ्यात बुरुजावरचा बर्फ उपसायला एक मिशीवाला फिरकला नाही. सोळा वर्षं मी उपसतेय. तेव्हा नाही आठवलं, मी बाई आहे ते?"

सगळे आपापले जोडे बघत बसले.

१५ नोव्हेंबर

लिआना आली — तसबिरी दुरुस्त करणारी. पोरगीच आहे. गावात कोणी ठेवून घेईना, शेवटी माझ्याच दारात. पाहुणा परत पाठवायचा नसतो, चोर असला तरी! मांस भरून कुब्दारी रोट्या भाजल्या. चार खाल्ल्या बयेने. "आत्या, मी न्यायला नाही, फक्त बघायला आलेय." बघ म्हटलं. लांबून.

१८ नोव्हेंबर

खिंडीत बर्फ. अजून चार-सहा दिवस, मग वसंतापर्यंत रस्ता बंद. पड रे बाबा, लवकर पड!

२१ नोव्हेंबर

पुरुष फिरले. तसबीर दिली तर रस्ता डांबरी होईल असं कोणीतरी त्यांच्या डोक्यात भरवलंय. काका सहा जणांना घेऊन किल्ली मागायला आला. लिआना बुरुजात भिंग लावून बसली होती. मी सरळ वर चढले आणि शिडी ओढून घेतली!

"नानुली, उतर! लाज नाही वाटत?"

"तूच चढ की! गुडघे घरी विसरलास वाटतं?"

खाली सगळे हसले. काकासुद्धा. भुका लागल्या तसे आपापल्या घरी गेले.

लिआना मात्र हसली नाही. तिने पिशवीतून तसबिरीचा बाबांच्या वेळचा फोटो काढला. त्यात गिओर्गीचे डोळे होते, ओठ होते, गालावर लाली होती. आता तिथे नुसता पिवळट डाग. मी म्हटलं, ओल लागली असेल.

"ओलीने कडा आधी जातात, आत्या. कडा शाबूत आहेत. तुम्ही हा चेहरा पुसता कशाने?"

"दारूने. दरवर्षी, सणाच्या आधी. पहिल्या धारेची, कडक! संताला काय पाणचट लावू?"

तिने फोटो माझ्या हातात ठेवला. मला राग आला. फार राग आला.

२२ नोव्हेंबर

या वर्षी पुसलं नाही.

२३ नोव्हेंबर

आज त्याचा सण. पेटी उघडली. त्याला लागलेलं फडकं टाकून द्यायचं नसतं, म्हणून सगळी घडी करून ठेवलीत. पहिल्या वर्षाच्या फडक्यावर लाली. पुढच्या तीन-चारांवर तांबूस, मग काळं. ते डोळे. शेवटची सहा पांढरीशुभ्र. पुसायला काही उरलंच नव्हतं.

बुरुजाचं कुलूप मीच काढलं. काका म्हणाला, "आलीस ना वठणीवर?" त्याला फडकी दाखवली, भर चौकात. किल्ली पुढे धरली. त्याने घेतली नाही.

राजधानीच्या गाडीत बसलेय. गिओर्गी माझ्या मांडीवर. लिआना म्हणते, आत्या, मी धरते. नाही म्हटलं.