मोरीजवळची खाट

३ फेब्रुवारी

ताईस, धाकट्याचा सा. न. वि. वि.

नाही म्हणजे नाही, मला अजूनही पटलेलं नाही! लगाम एकाच्या हातात असला की गाडी नीट चालते, हे तू मागच्या पत्रात लिहिलंस आणि त्याच्या मागच्यातही. अगं, आम्ही काय घोडे आहोत? लगामवाला मुकादम कसा होता ते मी कळवलंच नव्हतं, आई जेवण टाकेल म्हणून. आता तो दुसऱ्या कामावर गेला, म्हणून सांगतो. दिवा त्याच्या मर्जीनं, पंखा त्याच्या मर्जीनं. आमच्या सगळ्यांच्या पेट्यांच्या जादा चाव्यांचा जुडगा त्याच्या कमरेला. मनात येईल त्याची पेटी उघडायचा. एकदा माझी उघडली आणि तुझं पत्र काढून सगळ्या खोलीपुढे मोठ्यानं वाचलं. लहानपणी मी झोपेत रडायचो असं तू लिहिलं होतंस ना, नेमकं तेच. सुतार अजून मला रडूबाई म्हणतो.

तर खबर अशी की मुकादम गेल्यावर ठेकेदार म्हणाला, खोलीचं तुमचं तुम्ही बघा. आम्ही बाराजण भांडी घासून गोल बसलो आणि राज्य स्थापन केलं! हसू नकोस. मुख्य एकच, पण महिन्यापुरता. गवंडीबाबांचं डोकं बघ, ते म्हणाले, मुख्य होईल त्यानं मोरीजवळच्या खाटेवर झोपायचं. तिथं ओल आहे, वासही आहे, म्हणजे जागेला चिकटून बसायचा मोह कुणाला व्हायला नको. तिसरा नियम माझा: कुणाची पेटी त्याच्या मर्जीशिवाय उघडायची नाही. मुख्यानं नाही, आणि बाकीचे सगळे एक झाले तरी नाही. रंगाऱ्यानं तिन्ही नियम निळ्या रंगात दारावर लिहून काढले. आणि पहिला मुख्य कोण? सातवी नापास तुझा भाऊ! बडबड सगळ्यात जास्त मी केली होती ना.

पत्र टाकायच्या आतच भानगड झाली. फरशी कापायचा नवा कटर गायब आहे. ठेकेदार म्हणतो, पुढच्या शनिवारपर्यंत सापडला नाही तर किंमत सगळ्यांच्या पगारातून कापीन. सगळ्यांचा वहीम आमच्यातल्याच घुम्यावर. का? तर तो कुणाशी बोलत नाही आणि पेटी भिंतीला टेकवून ठेवतो. एवढाच पुरावा! रंगारी तर जुडगा मागून माझं डोकं खातोय, कारण मुख्य म्हणून तो आता माझ्याकडे आहे. मी सोडून दहाजण एका बाजूला, घुम्या गप्प. काय करू ते लगेच कळव.

तुझा रागावलेला तरी तुझाच,
धाकटा

७ फेब्रुवारी

चि. धाकट्यास, ताईचे अनेक आशीर्वाद.

राजा झालास, तोही मोरीचा! आईनं शेजारच्या दोन घरांत सांगितलंसुद्धा, फक्त मोरीचं गाळून. ओलीत झोपतोस तर पाय गुंडाळून झोप, असा तिचा निरोप आहे.

त्या मेल्या मुकादमानं माझं पत्र वाचलं? चारचौघांत? मी तुला लिहिलं होतं, त्याला नव्हे! वाचल्यापासून माझं डोकं तडतडतंय. समोर असता तर शिलाईची कात्री दाखवली असती.

आता तुझ्या कटरचं. बाळा, जुडगा हातात आहे, दोन मिनिटांचं काम आहे. उघड आणि मोकळा हो. कर नाही त्याला डर कशाला? परक्या मुलखात दहाजणांशी वैर धरून एकाची बाजू घ्यायची, तीही ज्याचा आवाजसुद्धा कुणी ऐकला नाही त्याची! हे शहाणपण नव्हे. माणसं तुटली तर आजारपणात पाणी कोण देईल? मला रात्री झोप लागत नाही रे.

माया आहे म्हणून बोलते, ती पातळ होऊ देऊ नकोस.
ताई

१ मार्च

ताईस, सा. न. वि. वि.

तुझं पत्र शनिवारी दुपारी मिळालं. अगं, एकाच पत्रात दोन ताया! वरची कात्री घेऊन मुकादमाच्या मागे धावतेय आणि खालची मला मुकादम व्हायला सांगतेय. माझी पेटी उघडताना तोही हेच म्हणाला होता, कर नाही त्याला डर कशाला! मला कसली डर होती? काही नाही. तरी ते पत्र माझं होतं की नाही?

त्यावरूनच मला सुचलं. संध्याकाळी सगळ्यांना बसवलं. दहाहीजण ओरडत होते. रंगारी म्हणाला, मुख्यच चोराला सामील आहे. मी जुडगा सोडवला आणि ज्याची चावी त्याच्या हातात देत सुटलो. म्हटलं, ज्याला पेटी दाखवायची त्यानं खुशाल आपल्या हातानं दाखवावी. रंगाऱ्याची पाळी आली तेव्हा त्यानं बोलणं अर्ध्यावर सोडलं, पेटीला चावी लावून बघितली, ती लागली, तशी परत कुलूप घातलं, चावी आतल्या खिशात टाकली आणि खाली बसला. आतलं काही दाखवलं नाही हां! गवंडीबाबा एवढे हसले की त्यांना ठसका लागला. मग एकेकजण आपापली चावी मुठीत धरून आपल्या खाटेकडे गेला. कुलूप फोडा असं एकानंही म्हटलं नाही.

घुम्यानं चावी घेतली आणि भिंतीकडे तोंड करून झोपला. पेटी उघडली नाही. कटर सापडला नाही. त्यानं घेतला असेल, नसेलही, मला आजही माहीत नाही, आणि हे लिहिताना माझी छाती का फुगतेय तेही कळत नाही! ठेकेदारानं सांगितल्याप्रमाणे सगळ्यांचे कापले, घुम्याचेही. सुतार चार दिवस माझ्याशी बोलला नाही. आता परत रडूबाई म्हणतो, म्हणजे गाडी रुळावर आहे.

काल महिना भरला. नवा मुख्य रंगारी! त्याला सोपवायला जुडगाच उरलेला नाही. मोरीजवळची खाट मात्र दिली, आणि मी खिडकीपाशी आलो. माणसं तुटली नाहीत ताई, तू झोप. आईला सांग, पाय कोरडे आहेत.

भांडण चालू ठेव, माया आटू देऊ नकोस.
तुझा धाकटा

ता. क. कटरचा माझा वाटा आठशे आला. आईला कारण तू तुझ्या शब्दांत सांग. या खेपेला नेहमीच्या चार हजारांऐवजी पाठवतोय तीन हजार दोनशे.