वरचं पाणी, खालचं पाणी आणि आमचे सासरे

चिंचवड, शुक्रवार

प्रिय कस्तुरामावशीस,

धम्मरत्नचा सप्रेम जयभीम. तुझे गुडघे कसे आहेत? शेळी व्याली का? इकडे मी, मिनल आणि मिनलचे वडील जयसिंगराव असे तिघेही ठीक आहोत. (तिसऱ्याबद्दल सविस्तर खाली.) पत्र लिहितोय कारण तुझा फोन लागत नाही, आणि तो का लागत नाही हे मी स्वतः बघितलंय. नाल्याला किती वेग आहे ते दाखवायला तू व्हिडिओ कॉल लावून चप्पल पाण्यात सोडलीस, “पाह्य, कशी पयते!” असं ओरडत काठाने तिच्यामागे धावलीस, आणि मग मला आधी आभाळ दिसलं, मग नुसते बुडबुडे. शेजारच्या दुर्गाबाईंना फोन केला तेव्हा कळलं की तू सुखरूप आहेस आणि चप्पलही सापडली.

आता तू नाल्याचं पाणी तपासायला पाठवलेल्या दोन बाटल्यांचं काय झालं ते ऐक. एकीवर तू ‘वरचं’ लिहिलंस, म्हणजे कोळशाच्या खाणीच्या वरच्या अंगाचं पाणी. दुसरीवर ‘खालचं’, म्हणजे खाणीतलं पाणी उपसून नाल्यात सोडतात त्याच्या खालचं. हे तुला ठाऊक, मला ठाऊक. ट्रॅव्हल्सवाल्याने बाटल्या निगडीच्या पुलाखाली माझ्या हातात दिल्या तो दिवस नेमका गुरुवार. गुरुवारी भोसरीच्या एमआयडीसीला सुट्टी, त्यामुळे तिथली लॅब बंद. आमची चाकणची कंपनी मात्र चालू, म्हणून पाणी गार राहावं यासाठी बाटल्या फ्रीजमध्ये ठेवून मी सेकंड शिफ्टला गेलो. जयसिंगरावांनी फ्रीज उघडला. ते जन्मभर कंपनीच्या स्टोअरमध्ये होते, वस्तू जागच्या जागी नसली की त्यांना चैन पडत नाही. त्यांनी ‘वरचं’ वरच्या कप्प्यात लावलं, ‘खालचं’ खालच्या कप्प्यात लावलं, आणि एवढं काम केल्यावर तहान लागली म्हणून पाणी प्यायले.

कुठलं प्यायले असतील? वरचं गढूळ, काळ्या मातीचं, बाटलीच्या बुडाशी चिखल. खालचं इतकं नितळ की पलीकडची लोणच्याची बरणी दिसत होती. कोणीही शहाणा माणूस तेच पिईल. “मिनल, हे गावाकडचं झऱ्याचं पाणी दिसतंय,” ते म्हणाले. “जरा आंबट लागतंय, पण अंगात काहीतरी गेल्यासारखं वाटतं.” (मावशी, ते खरोखरच गेलं होतं.) एवढ्यावर थांबतील तर ते आमचे सासरे कसले? सकाळी मी झोपेत असताना उरलेलं पाणी हास्यक्लबात नेऊन त्यांनी मित्रांना घोट घोट वाटलं.

त्यानंतर हास्यक्लबात हसण्याचा कार्यक्रम झाला नाही. बागेतल्या एकुलत्या एका शौचालयापुढे रांग लागली आणि रांगेत ज्येष्ठतेवरून वाद झाला. फक्त कोंडीराम नावाचे गृहस्थ प्रसन्न चेहऱ्याने घरी आले आणि ‘ते औषध’ आणखी मिळेल का, असं विचारून गेले. त्यांना बरीच वर्षं बद्धकोष्ठाचा त्रास आहे.

मी बाटलीच्या तळाशी राहिलेलं बोटभर पाणी घेऊन लॅबमध्ये पळालो. तिथल्या स्वप्नाली मॅडम आधी आमच्या बाटलीला हसल्या (तेलाच्या बाटलीत नमुना पाठवतात का, मावशी?) आणि मग त्यांनी कागदाची एक पट्टी त्यात बुडवली. पट्टी शेंदरी झाली तसं त्यांचं हसू गेलं. त्या म्हणाल्या, “खाणीच्या दगडात गंधक असतं. त्याला हवा-पाणी लागलं की आम्ल तयार होतं, आणि आम्लात गाळ झटकन खाली बसतो. म्हणून पाणी आरशासारखं दिसतं. त्यात विरघळलेलं लोखंड आणि बाकीचं डोळ्यांना दिसत नाही.” म्हणजे खाणीचे साहेब काचेचा ग्लास उंच धरून “बघा, आम्ही पाणी स्वच्छ करून सोडतो, भर उन्हाळ्यात तुमचा नाला वाहता ठेवतो” म्हणतात ना, तो ग्लास त्यांनी तिथेच पिऊन दाखवावा.

पण पट्टी म्हणजे रिपोर्ट नव्हे. खाणीबद्दलच्या जनसुनावणीत ती चालणार नाही. नमुने पुन्हा घ्यायचे, लॅबच्या बाटल्यांत, बर्फात, चार लोकांसमोर. आणि नाल्याची रुंदी, खोली, वेग मोजायचा. किती पाणी वाहतं ते ठाऊक नसेल तर त्यातून किती घाण वाहते ते कसं कळणार? वेगासाठी चप्पल चालेल असं मॅडम म्हणाल्या, पण मागे धावायचं नाही.

मला रजा नाही. तेव्हा हे काम ज्यांनी अंगावर घेतलंय तेच हे पत्र घेऊन तुझ्या दारात उभे असतील. सकाळपासून ते संतापलेत. पोट बिघडलं म्हणून नाही. आपल्याला पाणी चांगलं वाटलं, म्हणून. “मी फसलो, तर सुनावणीला आलेले सगळेच फसतील,” असं म्हणून त्यांनी स्वतःच बॅग भरली.

तुझा,
धम्मरत्न

ता. क. – सुनावणीत त्यांना बोलू दे, पण शेवटी. ते कुठलाही विषय कंपनीतल्या संपापासून सुरू करतात आणि माईक परत देत नाहीत. सुनावणी झाल्यावर आणखी पंधरा दिवस त्यांना ठेवून घेतलंस तर मिनलला कळू न देता मी तुझा आभारी राहीन.

ता. क. २ – मिनलने पत्र वाचलं. पंधरा दिवसांचं ती नंतर बघणार आहे. तिने एवढंच विचारलं, की मावशीच्या घरात पिण्याचं पाणी कुठलं? मला आठवतं, चिखल नको म्हणून तुम्ही सगळे खालच्या अंगाला भरायला जाता. दुर्गाबाईंना लगेच फोन लावला, पण आता त्यांचाही लागत नाही. तसं असेल तर मावशी, हंडा आत्ता ओत, आणि आधी गल्लीत सगळ्यांना सांग. मिनल म्हणते, बावळटा, हे पहिल्या ओळीत लिहायचं होतं.