आठ आणि चौदा

१४ ऑक्टोबर
रिपोर्ट आला. दोष माझ्यात नाही! नयनमध्ये आहे. त्याच्या आठ नंबरच्या गुणसूत्राचा तुकडा चौदाला चिकटलेला, चौदाचा आठला. त्याला स्वतःला काही त्रास नाही, पण गर्भात कधी जास्त उतरतं, कधी कमी. म्हणून तिन्ही वेळा पडलं. मार्चमध्ये तिसरं गेलं तेव्हापासून डॉक्टर दोघांचं रक्त मागत होत्या — हाच आज-उद्या करत राहिला.

"कोणाची चूक नाही ही," डॉक्टर म्हणाल्या. "पण यांच्या सख्ख्या बहिणीलाही तपासून घ्या." नयन तिथेच रडला. मीच त्याला पाणी दिलं.

१५ ऑक्टोबर
नयन, बहिणीबद्दल: "निशाचं लग्न होईपर्यंत कुणाला बोलू नको, मृणाल. तिच्या कळव्याच्या सासरची माणसं लग्न मोडतील." म्हणजे तोवर वांझ मीच! हो म्हटलं.

२ नोव्हेंबर
सासूबाई शेजारणीला, मला ऐकू जाईल अशा बेतानं: "आमचे घरान असं कवाच नव्हतं गो. डोंबिवलीची पोर आणली नि..." नयन मोबाइलमध्ये डोकं घालून बसलेला. अख्ख्या कोपरी गावाला माझी रिकामी कूस माहीत आहे.

१९ नोव्हेंबर
नणंद असूनही निशा मला आवडते, हीच पंचाईत. आज साड्या घेऊन येताना म्हणते, "वहिनी, मला दोन मुलं हवीत!" हिच्यातही तेच निघालं तर उद्या हिलाही सासरी असंच बोलतील, आणि मला ठाऊक असून मी गप्प. स्वतःची लाज वाटते.

९ डिसेंबर
आज हळद. गाणाऱ्या धवलारणीनं लग्नाचा धवला धरला. वहिनीचा मान म्हणून मी वाटीत बोटं बुडवली — सासूबाईंनी मनगटच धरलं! "तू नको. लेकुरवाळी येऊ दे." पंचवीस बायका बघतायत. नयनही, दारात उभा राहून. मोरीत जाऊन बोटं घासघासून धुतली, पिवळी ती पिवळीच.

बस झालं. उद्या सकाळी निशाला सांगणार. मोडलं लग्न तर मोडू दे!

१० डिसेंबर
सांगितलं. निशा म्हणाली, "अगं वहिनी, माझा रिपोर्ट नॉर्मल आहे. दादाचं कळलं तेव्हाच त्यानं मला नेलेलं ना, जानेवारीत. तुला सांगतो म्हणालेला. मला वाटलं, तुम्ही दोघं मिळून आईपासून लपवताय."

जानेवारीत!

मला तिसऱ्यांदा दिवस राहिले ते फेब्रुवारीत.