वाचक भत्ता आणि आण्णांचं स्टूल

सिरसाळा, गुरुवार, दिवेलागणीची वेळ

ब्रेल पाटीवर घाईघाईनं टोचतेय. घरात हे कुणालाच वाचता येत नाही, तेच बरंय.

अंध विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्तीतला वाचक भत्ता मला मिळाला. एम.ए.ची अर्थशास्त्राची पुस्तकं आता गल्लीतली प्रतिभा पैसे घेऊन वाचून दाखवणार. आजवर आण्णाच वाचायचे. शिवणकाम उरकलं की मशीनपुढचं स्टूल फरशीवरून ओढत माझ्या खाटेपाशी आणायचे. अडखळायचे, त्याचं काही नाही. पण पुस्तकाशी भांडायचे! "भाव वाढला की मागणी घटती म्हणं! कापड महागलं म्हणून कुठला नवरदेव उघडा बसलाय? खोटं हाय हे." की मग पुस्तक बाजूला आणि भांडणच चालू. किती चिडायचे मी. भत्त्यासाठी अर्जही मीच केला ना? मग आता काय होतंय मला?

काल सांगितलं तर म्हणाले, "लई बरं झालं, पोरी. तुज्या बापाचा घसा सुटला." आणि स्टूल उचलून नेलं. ओढलं नाही, उचललं. तेच डोक्यात बसलंय.

आज प्रतिभा आली. घडाघडा वाचते. पडवीत आण्णांचं मशीन चालू होतं. मागणीचा नियम आला आणि मशीन थांबलं.

"खोटं हाय ते!"

प्रतिभा दचकली. "पुढं वाचू का, ताई?"

"थांब, आधी त्यांचं होऊ दे."

स्टूल फरशीवरून खरखरत आत येत होतं.