भारतीय बनावट

१२ जून
शाळा उघडायले आल्या. संग्रामपुरात डबे-बाटल्यांचा हाच सीझन, अन् माझ्या दुकानात शुकशुकाट. सगळं गिऱ्हाईक समोर मीनाकडे. पाटलाच्या सुनेनं तर तोंडावर सांगितलं, "मीनाताईकडे देशी बाटली आहे वहिनी, अन् स्वस्तबी. तुमची चायनाची." माझ्या बाटलीवर लिहिलेलं आहे ना! कोणत्या देशातली, कोणी मागवली, त्याचा पत्ता. खरं लिहिलं म्हणून पडून राह्यली.

१४ जून
दुपारी मीनाकडे चहा. रोजचंच. एकाच वर्षी लग्न होऊन दोघी या गावात आलो, दुकानंही समोरासमोर टाकली. ती मागं चहा ठेवायला गेली तेव्हा एक बाटली हातात घेतली. माझ्याकडची तीच. झाकणाचा खटकाही तोच. 'भारतीय बनावट' स्टिकरचा कोपरा नखानं उचलला. खाली इंग्रजीत बारीक, मेड इन चायना. आणणाऱ्याचं नाव नाही, पत्ता नाही. फोटो काढला. स्टिकर अंगठ्यानं दाबून परत बसवलं.
मग तिचा चहा प्यायले. आलं घातलं होतं. तिला आवडत नाही, मला आवडतं म्हणून घालते.

१५ जून
वजनमाप खात्याकडे तक्रार केली. मोबाईलवरून, फोटो जोडून. नाव कळू देऊ नका, असंही लिहिलं. ह्यांना बोलले नाही. कायदा आहे, लोकांची फसवणूक होऊ नये, एवढंच. एवढंच?

२४ जून
वजनमापवाले साहेब आले. मीनाच्या बाटल्या, डबे खोक्यात भरले, सील लावलं. दुकानांची सगळी लाईन आपापल्या दारात उभी. मीही.
साहेब शांतपणे बोलत होते. "ताई, माल बाहेरचा असला तर कोणत्या देशाचा ते पाकिटावर पाहिजे. कोणी मागवला तेही पाहिजे. इथं तर खरं झाकून वर खोटं चिकटवलं."
मीना म्हणाली, "साहेब, मी नाही चिकटवलं. खामगावच्या व्यापाऱ्याकडून असाच आला. देशी म्हणून घेतला, देशी म्हणून विकला. खाली काय आहे ते कधी उचलून पाह्यलंच नाही."
"विकता तुम्ही, तर पाहायचंही तुम्हीच."
तिनं लावलं नव्हतं. माझ्या मनातच आलं नाही हे. विचारलं असतं तर कळलं असतं. बाटली हातात होती, ती समोर होती. नुसतं विचारायचं होतं.

२५ जून
मीनाला नोटीस. डोळे सुजलेले. म्हणाली, "मले माहीत आहे कोणी केलं. सुषमानं."
सुषमा म्हणजे तिची धाकटी जाऊ, वरवट बकालची. सासूनं कोणाकडं राहायचं यावरून दोघींचं वाजलेलं. "परवा येऊन बाटल्या उलट्यापालट्या करून पाहत होती. तिच्याशिवाय कोण?"
मी म्हटलं, "असंल बाई."
असंल बाई! हे माझ्याच तोंडून.

२९ जून
सुषमाच्या पोरीचा, कोमलचा, साखरपुडा झाला. मीना गेली नाही. ही पोरगी शाळेसाठी इथं मीनाकडंच राहून शिकली, वेण्या मीनानं घातल्या. म्हणे सकाळी फोन आला, "काकू, तू आल्याशिवाय मी पाटावर बसत नाही." मीनानं फोन कापला.
हे तिनं मलाच सांगितलं. रडली मलाच धरून. मी पाठीवरून हात फिरवत होते, अन् तो हात, स्टिकर उचलणारा तोच…

३० जून
माझ्या बाटल्या खपल्या. पाटलाची सूनही आली. "तुमचं बरं वहिनी, जे आहे ते लिहिलेलं असते."
जेवण गेलं नाही. हे म्हणाले, "काऊन वं, धंदा झाला तर तोंड पाडून बसली?" सांगून टाकलं. ह्यांनी ताट बाजूला सारलं. मग म्हणाले, "तिले सांगू नको. समोरासमोर जन्म काढायचा आहे."
तेच तर.

३ जुलै
सुषमा माझ्या दुकानात. उभ्या उभ्या रडली. "वहिनी, तुमचं ऐकते ती. तिले सांगा, मी नाही केलं. पोरीचं लग्न आहे, काकूशिवाय कसं लावू?"
पाणी दिलं. "सांगते," म्हटलं. माझा हात धरला तिनं, उपकार मानले. माझे!

४ जुलै
गेले. मीना रिकाम्या फळ्या पुसत होती. म्हटलं, "सुषमानं तक्रार नाही केली."
"तुले कसं माहीत?"
तिनं फडकं खाली ठेवलं. माझ्याकडं पाहत राहिली.
"वंदे, तुले कसं माहीत?"
सांगितलं. कोपरा उचलला ते, फोटो, सगळं. ती चहा ठेवायला आत गेली होती तेव्हा, हेही. मग तिनं मोबाईल उचलून कोमलला लावला. "पोरी, मी येते लग्नाले. आईले सांग." आवाज साधा, रोजचा.
फोन ठेवून परत फळ्या पुसू लागली.
मी दारापर्यंत आले. मग म्हटलं, "येते."
ती "ये" म्हणाली नाही.