काहिलीतली समोरची जागा

तीर्थरूप अण्णांच्या चरणी वनमालाचा कॅनडाहून नमस्कार.

मी सुखरूप आहे. वसंतात नदीवरचे बर्फ वितळले, म्हणून रविवारी सहकाऱ्यांच्या कुटुंबांसह नौकाविहारास गेले. येथील होडीत दोघे बसतात. मागच्या खेपेस मी प्रत्येकाचे वल्हवणे सुधारून दिले होते. यंदा मला स्वतंत्र होडी मिळाली. सोयीचेच झाले.

धरणाच्या पाण्यातून शेताकडे जाताना, होडी म्हणून वापरलेल्या, गूळ शिजवायच्या जुन्या गोल काहिलीत तुम्ही ओरडायचात, "लई शिकवू नगंस, समोर बस अन् वल्हं मार! एकट्यानं काहील नुसती गरगर फिरती." इथली होडी एकटीनेही सरळ जाते. दिवसभर तशीच गेली.

आईचे गुडघे कसे आहेत? काहिलीत तुमच्यासमोर आता कोण बसते? कोणी नसेल, तर एकट्याने पाण्यात उतरू नका. कोणी असेल, तर मला कळवू नका.

तुमचीच,
वनमाला