अपोलोच्या दालनात आगटी

श्रॉपशर, फेब्रुवारी १७७४

प्रिय अँब्रोज,

तुझं पत्र मिळालं. रोमहून आलेला तुझा अपोलोचा पुतळा सुखरूप पोचला आणि तिथल्या कारागिराने त्याला बसवलेलं नवं नाक प्रवासात हललेलं नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं तरी वाचशील. मी तुला फीबीचा खोकला कळवला होता आणि तू उत्तरात नाकाची चौकशी केलीस. पालथ्या घड्यावर पाणी, दुसरं काय!

तिची आई गेल्यापासून पोर माझ्या कुशीत वाढली, पण बाप तूच आहेस. दक्षिणेकडची तिची उबदार खोली तू दालनात घेतलीस, कारण पुतळ्यांना उजेड हवा. धुराने संगमरवर काळवंडतो म्हणून त्या बाजूला आगटी पेटवायची नाही, असा हुकूम सोडून लंडनला गेलास. पोर उत्तरेच्या खोलीत आली. तिथल्या भिंतींना ऐन उन्हाळ्यातही ओल असते. लहानपणी आपण तिथे सफरचंदंसुद्धा ठेवत नव्हतो. तू तिकडे चित्रकारांना हरणाचं मांस खाऊ घालतोस, कलेचा आश्रयदाता म्हणून मिरवतोस. तुझ्याच लेकीला तुझ्या घरात ऊब नाही, याची मला भयंकर चीड येते.

परवा डॉक्टर म्हणाले, कोरडी ऊब नसेल तर औषधं वाया जातील. तशी मोठी आगटी घरात एकच, तुझ्या दालनातली. घरकाम बघणाऱ्या मिसेस टॅबरला मी सरपण आणायला सांगितलं, तर ती दारातच थबकली.

"बाईसाहेब, सर अँब्रोज मला घालवून देतील."

माझं नाव सांग म्हटलं. मग आम्ही दोघींनी फीबीचा पलंग अपोलोच्या पायाशी ओढत नेला आणि त्याच्याच खोक्याच्या फळ्या पेटवल्या. तिचा श्वास जरा मोकळा झाला, ताप मात्र हटत नाही. तुझा अपोलो हनुवटीपासून काळा पडत चाललाय. नाक राळेने चिकटवलेलं होतं, ते उष्णतेने सैल झालंय.

हे वाचून तू पेटून उठशील, ताबडतोब गाडीला घोडे जुंपायला सांगशील. सांगच. त्यासाठीच हे लिहिलंय. नुसता फीबीचा आजार लिहिला असता, तर डॉक्टर बदल म्हणून कळवून मोकळा झाला असतास. अपोलोसाठी ये, माझ्याशी भांडायला ये, पण याच आठवड्यात ये. पुढच्या आठवड्याचं बोलायला डॉक्टर तयार नाहीत.

तुझीच थोरली बहीण,
जुडिथ